मिशीतला पाहुणा

"ही जात आजवर कुणाच्या बापाने पाहिली नसेल," मिशीला पीळ देत मिशीसाहेब म्हणाले. हे नाव त्यांना प्रयोगशाळेने ठेवलेलं आणि ते पदवीसारखं मिरवत होते. आवारातल्या एका फुलाच्या मधातून त्यांनी यीस्ट वाढवलं होतं. होतं पाव फुगवणाऱ्या यीस्टचंच भावंड, पण माहीत असलेल्या कुठल्याच जातीशी जुळत नव्हतं. आता त्याचं बारसं करायचं आणि शोधनिबंध छापून जन्माचं सार्थक करायचं, एवढंच उरलं होतं.

विभागप्रमुख मॅडम मात्र मुरलेल्या. "आधी दुसऱ्या कुणाला तरी त्याच झाडावर सापडू दे. मग छापू."

काम आलं साहेबांच्या बायकोकडे. तीही त्याच प्रयोगशाळेत. तिने झाड पिंजून काढलं, पण यीस्टचा पत्ता नाही. साहेब गेले आणि पहिल्याच फुलात यीस्ट हजर.

"हाताला गुण असावा लागतो," साहेब म्हणाले.

"अहो, पण नमुना घेताना फुलात तोंड कशाला खुपसता?"

"वास घेतल्याशिवाय फूल ताजं आहे ते कळणार कसं?"

"मग ते फुलातलं नाहीच. तुमच्या मिशीतलं आहे."

साहेबांचा पारा चढला. "मिशीत निघालं तर मिशी उतरवीन!"

बायको लग्नापासून हेच मागत होती. तिने लगेच मिशीवरून कापसाचा बोळा फिरवला. दोनच दिवसांत काचेच्या बशीत यीस्टचं रान माजलं.

दिलेला शब्द पाळून, ओठावर रुमाल धरून साहेब मॅडमसमोर उभे राहिले. "सगळं पाण्यात गेलं, मॅडम."

"छे हो, जात नवीच आहे. राहण्याचं ठिकाण 'फूल'ऐवजी 'मिशी' लिहू. फक्त तिथला आणखी एक ताजा नमुना द्या." मग त्यांची नजर रुमालाकडे गेली. "मिशी कुठाय?"

"बेसिनमध्ये वाहून गेली."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "घरात आणखी कुणाला आहे?"

"सासऱ्यांना," बायको म्हणाली. "फुलंही तशीच हुंगतात. पण मिशीला कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. पोटचा मुलगा मागेल तर कदाचित देतील."

संध्याकाळी बोळ्यांची डबी घेऊन साहेबांनी वडिलांची बेल वाजवली. म्हाताऱ्याने दार उघडलं, त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मिशीला पीळ देत विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?"