देवव्रतांच्या जीपचा मागचा हीटर

"त्यात काय आहे? वाडीतली पाण्याची लाइन मी डोळे मिटून फिरवतो. गाडीची फिरवायला कितीसा वेळ लागणार?" देवव्रत शनिवारी सकाळी चहा पिताना म्हणाले, आणि आनंदीबाईंनी कपाळाला हात लावला.

बँकेतून निवृत्त झाल्यावर नवरा चौलच्या नारळी-पोफळीत रमेल असं आनंदीबाईंना वाटलं होतं. तो रमला जुन्या जीपमध्ये. ही जीप देवव्रतांनी सिमल्याकडच्या एका सफरचंदवाल्याकडून हौसेनं आणली होती. चारही चाकांनी डोंगर चढणारी, आणि मागच्या बाकाखाली हीटर असलेली. इंजिनातलं गरम पाणी एका नळीनं मागे जायचं, हीटर तापवायचं आणि दुसऱ्या नळीनं परत यायचं. सिमल्यात त्याची चैन असेल. चौलच्या खाऱ्या हवेत मात्र हीटरचा कॉक उघडा असतानाच गंजून बसला. तेव्हापासून मागच्या बाकावर बसणं म्हणजे तव्यावर बसणं झालं होतं.

आणि उद्या त्या बाकावर पाहुणे बसायचे होते. त्यांच्या लेकीच्या, अनुयाच्या, होणाऱ्या सासरची माणसं घर बघायला येणार होती. भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवसला उतरतील, तिथून त्यांना आणायचं. टॅक्सी करा, असं आनंदीबाई आठवडाभर सांगत होत्या. पण "जीप घेऊन येतो" असं देवव्रत व्याह्यांना केव्हाच सांगून बसले होते.

"न्या जीप," आनंदीबाई शेवटी म्हणाल्या. "पण माणसं भाजून निघाली, तर सोमवारी ती भंगारात जाईल. मी भंगारवाल्याला फोन करून ठेवलाय."

ही बाई बोलली की करते, हे देवव्रतांना संसारभराच्या अनुभवानं माहीत होतं.

त्यांनी विनेश मेकॅनिकला फोन लावला. तो रोह्याला लग्नात होता आणि मागे बँड वाजत होता.

"सोपं हाय, काका," तो ओरडून म्हणाला. "मागं जाणाऱ्या दोन्ही नळ्या इंजिनापाशी काढा. इंजिनाची ती दोन तोंडं नळीच्या तुकड्यानं एकमेकांना जोडा. पाणी तिथल्या तिथं फिरेल, मागं जाणारच न्हाय."

कुठल्या नळीनं, हे देवव्रतांनी विचारलं नाही. वाडीवाल्याच्या घरात एक वेळ साखर संपेल, पण पोफळींना पाणी द्यायच्या काळ्या पाइपाचा तुकडा नाही, असं व्हायचं नाही. तोच त्यांनी कापला, वाकवला आणि क्लिपा आवळून बसवला. काढलेल्या नळ्या, वाडीतल्या सवयीप्रमाणे, सुंभानं तिथंच बांधून ठेवल्या. वस्तू टाकून द्यायची नाही, केव्हा लागेल सांगता येत नाही. मग दोन मिनिटं इंजिन चालू करून त्यांनी आनंदीबाईंना मागच्या बाकावर बसवलं. बाक गारच होता. आनंदीबाई बाकावर हात फिरवून उतरल्या, आणि देवव्रतांनी ती शाबासकी समजली.

रविवारी रेवसच्या धक्क्यावर व्याही तुकाराम कडक इस्त्रीच्या शर्टात उतरले. मागून त्यांची थोरली बहीण, कोकिळाआत्या, कठड्याला धरून आली.

"गुडघं पार गेलं माजं," ती म्हणाली. "उठताना जीव जातो." दोघांनी मिळून तिला मागे चढवलं. तुकाराम पुढे बसले.

अलिबागच्या अलीकडे चढ लागला आणि बॉनेटमधून वाफ आली. देवव्रतांनी गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं. वाडीतल्या गार पाण्याला जन्मभर पुरणारा पाइप उकळत्या पाण्यानं लुळा पडून क्लिपेतून निसटला होता. बरंचसं पाणी रस्त्यावर गेलं होतं.

आता उपाय एकच होता. सुंभ सोडलं, जुन्या नळ्या परत जोडल्या, इंजिन निवल्यावर शेजारच्या घरातून कळशीभर पाणी मागून ओतलं. गाडी निघाली, पण तेवढं पाणी पुरेना आणि तापमानाचा काटा पुन्हा वर सरकू लागला. देवव्रतांनी घसा खाकरला.

"मागच्या हीटरचा पंखा लावला तर इंजिनाची उष्णता थोडी तिकडे जाते. म्हणजे, लावावाच लागेल."

"वैशाखात हीटर?" तुकारामांनी विचारलं. "म्हणजे तुमचा रेडिएटर आम्ही?"

देवव्रतांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी बटण दाबलं. बाकाखालून भट्टीचा वारा सुटला आणि पुढच्या काचेपर्यंत आला. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला. मागे आत्याचं काय झालं असेल, हे आरशात बघायचा देवव्रतांना धीर होईना.

चौलला अंगणात आनंदीबाई आणि अनुया उभ्या होत्या. तुकाराम घामानं निथळत उतरले तसा आनंदीबाईंनी मोबाइल हातात घेतला. देवव्रतांनी मनातल्या मनात जीपचा निरोप घेतला.

इतक्यात आत्या मागून उतरली. कोणाचाही हात न धरता.

"बाय गं, गुडघं मोकळं झालं माजं," ती म्हणाली. "डाक्टरचा शेक काय करेल? व्याही, साखरपुड्याला मला ह्याच गाडीनं न्यायचं. आन् तो वारा बंद करायचा न्हाय."

आनंदीबाईंनी मोबाइल खाली ठेवला. व्याह्यांच्या थोरल्या बहिणीचा शब्द मोडणं त्यांना शक्य नव्हतं.

सोमवारी विनेश उष्णता सोसणारी नळी घेऊन हजर झाला. "काका, आता पक्का बायपास करून देतो. मागचा हीटर कायमचा बंद."

"नको," देवव्रत कपाळ पुसत म्हणाले. जीप वाचली होती, पण हा उन्हाळा तीत बसून आपण वाचू की नाही, याची त्यांना शंका होती.

एवढ्यात आनंदीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. कालपर्यंत ज्या गाडीला त्या भंगार म्हणत होत्या, तिचं मागचं दार त्यांनी स्वतः उघडलं आणि आत बसल्या.

"विनेश, हा पंखा आणखी जोरात करता येईल का बघ," त्या म्हणाल्या. "माझीही कंबर धरते हल्ली."

विनेशनं देवव्रतांकडे पाहिलं.

"कर," देवव्रत हळूच म्हणाले. "आणि जमलं तर पुढे, ड्रायव्हरला, एक साधा पंखा बसव."