दुधानं न्हालेलं कुलूप

अख्ख्या राहुरीत कंप्युटरमधलं सगळं कळणारी एकच मुलगी आहे आणि ती म्हणजे दहावी ब मधली अश्विनी, हे राहुरीला अजून कळायचं होतं. पण अश्विनीला पक्कं ठाऊक होतं! पुण्याच्या सम्राटमामानं आपला जुना कंप्युटर भाचीला दिला काय, तिनं त्यात गाण्याचा प्रोग्राम टाकला काय आणि पप्पांच्या गायन पार्टीला त्यावर ढोलकी वाजवून दाखवली काय! उन्हाळ्यापासून बाईसाहेबांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

पप्पा म्हणजे जालिंदर, पार्टीचे मुख्य गायक. दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनी, बुद्धविहारासमोर त्यांची भीमगीतं दरवर्षीच असत. यंदा ते म्हणाले, "आशे, एक कार्यक्रम तुझ्या हाती. जमलं तर तू कायमची पार्टीत. फसलं तर कंप्युटर मामाकडं अन् तू बीजगणिताकडं!"

"फसतंय कशाला? पोस्टानं नवं व्हर्जन आलंय, पप्पा!"

नव्या व्हर्जनमध्ये होत्या पाच फ्लॉप्या आणि काडेपेटीएवढी एक डबी. प्रोग्रामच्या चोरून कॉप्या काढणाऱ्यांना वैतागून कंपनीनं हे कुलूपच धाडलं होतं. कंप्युटरच्या पाठीत डबी खोचली तरच प्रोग्राम चालणार, नाहीतर ढिम्म! अश्विनीनं नवं टाकलं आणि जुनं पार पुसून टाकलं. अडगळ कशाला ठेवायची?

तालीम व्हायची ती गोरक्षनानांच्या पडवीत. नाना पार्टीचे खरे ढोलकीवाले. तीस वर्षं थापा मारून त्यांची बोटं लाटण्यासारखी झालेली. पार्टीची सगळी वाद्यं त्यांच्याकडेच असत, म्हणून कंप्युटरही तिथंच बसवला होता. पहिल्याच दिवशी पार्टीनं नव्या व्हर्जनची जी परीक्षा घेतली, तशी बोर्डसुद्धा घेत नसेल!

"आदीची ढोलकी पत्र्यावर वाटाणे सांडल्यागत वाजायची," नाना म्हणाले. "आता वाटाणे भिजवून सांडल्यात."

"मला तर जुनंच बरं वाटत हुतं," कोरसवाल्या रंगुबाई म्हणाल्या. "त्ये माज्यासाटी थांबायचं तरी. ह्ये मेलं एस्टीवानी म्होरंच पळतंय!"

"काकू, ते कधीच थांबत नव्हतं. मी थांबवत होते!"

"मग ह्यालाबी थांबव की!"

"पण आधीचं बटन गेलं कुठं?" पप्पा पडद्याला नाक लावून शोधत होते.

"आन् ही डबी कशापायी?" नानांनी विचारलं.

अश्विनीनं मान ताठ केली. "नाना, हिला साधी डबी समजू नका. सगळ्या बाजाचा जीव हिच्यात आहे! ही नसली तर कंप्युटर म्हणजे नुसतं कपाट!"

नानांनी डबीला हात जोडले. वाचकहो, शंका यायची तर तिथंच यायला हवी होती! पण आपल्याच बोलण्यावर खूश झालेल्या माणसाला शंका कुठली यायला?

खंडेनवमीला सकाळी अश्विनी एकटीच शेवटचा सराव करायला पडवीत शिरली आणि उंबऱ्यातच थिजली. पप्पांना पटत नसे, तरी नाना दरवर्षी नवमीला पार्टीची वाद्यं पुजायचे. पाटावर ढोलकी, पेटी, झांजा ओळीनं मांडलेल्या. आणि मधोमध, चांदीच्या ताम्हनात, केळीच्या पानावर, झेंडूच्या फुलाखाली... डबी!

"नाना! हे काय केलंत?"

"आगं, तूच म्हन्लीस ना, समद्याचा जीव हिच्यात हाय? मग पैला मान तिचाच! ढोलकीला नुसतं कुंकू लावलं, हिला दुधानं आंगूळ घातली. हळद लावली. वर अक्षता."

अक्षता एकदम नेमक्या पडल्या होत्या. डबीला पंचवीस भोकं. बऱ्याचशा भोकांत तांदळाची कणी! अश्विनीनं सुईनं कण्या उकरल्या, फुंकरी मारल्या, शेजारच्या पापडांच्या रांगेत डबीला ऊन दिलं. मग खोचली. पडद्यावर इंग्रजीत पाटी आली : कुलूप सापडत नाही, ओके दाबा. तिनं ओके दाबलं. पुन्हा तीच पाटी! चाळीस वेळा दाबलं. पाटी हेडमास्तरांइतकी ठाम होती.

मग धावत एसटीडी बूथ आणि कंपनीला फोन.

"मॅडम, कुलपावर पाणी वगैरे सांडलं का?"

"पाणी नाही. दूध."

"दूध?"

"म्हशीचं. आणि थोडी हळद. आणि अक्षता."

पलीकडे पानं उलटल्याची सळसळ झाली.

"मॅडम, आमच्या पुस्तकात फक्त पाण्याचं लिहिलंय. कुलूप आम्हाला पाठवा, तीन आठवड्यांत नवं येईल."

तीन आठवडे! कार्यक्रम उद्या! आणि टेम्पोवरचा कर्णा तर दोन दिवसांपासून गावभर ओरडत होता : "या, बंधू-भगिनींनो, या! ढोलकी ऐका चक्क कंप्युटरवर!" अश्विनीला डोळ्यांपुढे मामाचं घर दिसायला लागलं. त्यात कंप्युटर होता. आणि आपल्या घरात बीजगणित होतं.

ती परत पडवीत आली आणि डोळे पुसत म्हणाली, "नाना, एवढं एकच ऐका. उद्या तुम्ही स्टेजच्या पडद्यामागं बसून वाजवा. मी पुढं कंप्युटरवर बसते."

"म्हंजी फसवायचं?"

"पुजलंय कुणी?"

नानांनी गुपचूप ढोलकी कडक केली.

दसऱ्याला संध्याकाळी पाचला विहारासमोर ही गर्दी! भाषणं झाली, "जय भीम" झालं, पप्पांनी सूर लावला. अश्विनीनं कळ दाबली, पडद्यावर पाटी आली आणि मागून नानांची थाप पडली. अहाहा! अश्विनी बोटं अशी नाचवत होती, जणू दहा जणींच्या शेवया एकटीच वळतेय. पुढच्या रांगेत कुजबुज झाली, "काय मशीन हाय राव! माणसावानी वाजवतंय!" पप्पांचा चेहरा खुलला. दुसरं गाणं. तिसरं गाणं. अश्विनी मनातल्या मनात कायमची पार्टीत जाऊन बसलीसुद्धा!

चौथ्या गाण्यात लाईट गेली.

कर्णे बॅटरीवर होते, त्यांना काही झालं नाही. पण ट्यूब विझल्या, कंप्युटरचा पडदा काळाठिक्कर पडला, पंख्याची घरघर थांबली. अश्विनीची बोटं हवेत लटकली. आणि ढोलकी? ढोलकी चालूच! नानांचे डोळे ब्रह्मानंदात मिटलेले. लाईट गेली हे त्यांना सांगणार कोण?

अश्विनी खोकली. ढोलकी जोरात. अश्विनीनं टाचेनं मागं लाथ झाडली. नानांना वाटलं, पोरीला चढी लय पाहिजे!

पप्पांनी गाता गाता कंप्युटरकडे पाहिलं. मग वायरीकडे. मग लेकीकडे. त्यांचा सूर एकदा हलला. पण गर्दी उभी राहून टाळ्या पिटत होती. "बिनलाईटीचा वाजतोय! बिनलाईटीचा!" पप्पांनी कडवं पुढं रेटलं.

कार्यक्रम संपताच एक फेटेवाले पाहुणे स्टेजवर चढले. "जय भीम, जालिंदरराव! मी तिसगावचा राधाकृष्ण. आमच्याकडं पुढच्या महिन्यात कार्यक्रम हाय, अन् लाईटीचा तर काय भरवसाच न्हाई. हाच कंप्युटर पायजे बगा!"

"येऊ की," पप्पा कसंबसं म्हणाले.

"फकस्त एक करा. ढोलकीवाला आणू नका. आता त्याची काय गरज?"

पडद्यामागून कुणीतरी फस्सकन हसलं. पाहुणे खुशीत खाली उतरले.

पप्पा लेकीकडे वळले. अश्विनीनं एका दमात सगळं सांगितलं : जुनं व्हर्जन पुसलं ते, डबीची बढाई मारली ती, दूध, पापड, फोन, सगळं. मग डोळे गच्च मिटून विचारलं, "कंप्युटर कधी पाठवायचा मामाकडं?"

"पाठवायचा कशाला?" पप्पा म्हणाले. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. राग नव्हता, हसू दाबलेलं होतं. "तुझी पार्टीतली जागा पक्की, आशे! बंद कंप्युटरवर तुझ्याइतकं झकास बसणारी राहुरीत दुसरी कोण हाय?"