मागच्या सीटवर

मकबूलभाई साताऱ्यात फोटो काढत, पण माणसांचे नव्हे, मोटारींचे. मोटारीशेजारी माणूस उभा राहिला तर त्यांची हरकत नसे. एखाद्या झाडासारखा तो खपून जाई. "माणूस हालतोय, आन वर मी आसा दिसतो का म्हणून भांडतोय," ते म्हणत. "गाडी गप ऱ्हाती. गाडीला अब्रू असती."

ती राखायला ते आधी गाडीभोवती फिरत, ऊन बघत, पुढचं चाक जरा वळवून घेत. खरं काम नंतर, आतल्या खोलीत. फोटोच्या काचेवर, म्हणजे निगेटिव्हवर, टोकदार पेन्सिल आणि बारीक ब्रश चाले. पोचे बुजत, चिखल जाई. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारी पाठीला कोळशाचा बंब बांधून त्याच्या गॅसवर, धूर ओकत फिरत. मकबूलभाईंच्या फोटोत एकाही गाडीला बंब नाही. एका वकिलाच्या गाडीखाली निजलेलं कुत्रंसुद्धा त्यांनी उठवलं होतं.

मी पुण्यात शिकून बी.ए. झालो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी चौथीपुढं गेलं नव्हतं. हे सांगण्यासारखं आहे, म्हणून सांगतो. वडलांनी, म्हणजे आप्पांनी, ठरवलं की फोटो मोटारीसंगटच पाहिजे. महाबळेश्वरची एक टॅक्सी मिळाली. ड्रायव्हर चहाला गेला. मी ऐटीत फूटबोर्डवर पाय ठेवला.

"पाय खाली, बी.ए.," मकबूलभाई काळ्या कापडाआडून म्हणाले. "ती काय तुमची पायरी हाय व्हय?"

फोटो आला. आप्पांनी त्यात माझा फेटा तेवढा पाहिला आणि तो म्हसवडला धाडला. तिथल्या एका सुभेदारांच्या मुलीशी माझं जुळत आलं होतं. लगोलग त्यांचा माणूस फोटो घेऊन परत आला. "आमची पोरगी मागताय, आन गाडीत बसलीया ती कोण?"

मी पाहिलं. मागच्या सीटवर एक बाई होती. डोक्यावर पदर, नजर पुढं रस्त्याकडं. त्या टॅक्सीत मी स्वतः डोकावलो होतो. सीटवर एका पोत्याशिवाय काही नव्हतं.

आई मीठ-मोहऱ्या शोधायला गेली. आप्पांनी मला बाजूला घेतलं. "पुण्यात केलीयास का रं एखादी? खरं सांग. मी रागवत न्हाई."

तडक मकबूलभाईंकडं गेलो. ते आत काचा धूत होते. भिंतीवर मोटारींचे फोटो ओळीनं लावलेले. इतक्यांदा पाहिलेले, पण मागच्या खिडक्या त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. एका जुन्या गाडीत काचेला जेमतेम नाक पुरणारी एक पोर होती. पुढच्या गाडीत तिला दोन वेण्या होत्या. मग एक वेणी. मग पदर. गाड्या निराळ्या, मालक निराळे, ती एकच, आणि दर फोटोत थोडी वाढलेली. एकाही मालकानं कधी विचारलं नव्हतं. घरातलं असेल कुणी, म्हणून सोडून दिलं असणार.

"नूर," मागून मकबूलभाई म्हणाले. "आमची पोरगी."

त्यांना मूलबाळ नाही असंच गाव समजत होतं.

"बारकी हुती. घसा धरला, श्वास घ्याया येईना. आमी तवा मेढ्याकडं ऱ्हायचो. साताऱ्याला दवाखान्यात आणायची हुती. रस्त्यानं महाबळेश्वरच्या मोटारी जात हुत्या. हात केला. थांबली न्हाई एकबी. बैलगाडी काय, तिच्या चालीनं चालली." ते हात पुसत राहिले. "आता जी गाडी म्होरं येती तिच्यात बसवतो. मोठी होतीया. औंदा नाकात चमकी घातली."

मी भांडायला आलो होतो. "माझं लगीन मोडतंय, मकबूलभाई," एवढंच म्हणालो.

त्यांनी माझी काच काढली, उजेडाकडं धरली, खरवडायचं पातं उचललं. "उतरवतो की. तुमचं नुकसान कशाला." पातं काचेजवळ नेऊन ते थांबले. "फकस्त कुठं उतरवू, तेवढं सांगा."

बी.ए.ला माझा तर्कशास्त्राचा विषय होता. मी त्यांच्या हातातून पातं काढून घेतलं आणि खाली ठेवलं.

तोच फोटो घेऊन मी म्हसवडला गेलो. सुभेदारांना सगळं सांगितलं, काही न गाळता. त्यांनी फोटो दाराच्या उजेडात नेला आणि मागची खिडकी डोळ्यांजवळ धरून पाहिली. मग आत हाक दिली, "जावईबापूंना च्या टाका."

फोटो मात्र त्यांनी खाली ठेवला नाही.

"आवं," ते हळूच म्हणाले, "तिच्या बाजूचं दार नीट लागलंय न्हवं?"

"लागलंय," मी म्हणालो.