मातीले येजा

"मास्तर, उद्या सकाळी मातीले येजा," असं म्हणून नत्थूजी माझ्या दारातून निघूनही गेले. आमच्याकडे मातीला जाणं म्हणजे कुणाला तरी पोचवायला जाणं. मी हिंगणीच्या शाळेत नुकताच बदलून आलेला. गेलं कोण, हे विचारण्याइतकी ओळख नव्हती. सकाळी खांद्यावर पंचा टाकून, चेहरा पाडून हजर झालो. गेलेलं कुणीच नव्हतं. नत्थूजींनी मला चपला काढायला लावल्या आणि रानात नेलं.

तेव्हा आमचा वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि नत्थूजी जंगलखात्यातून निवृत्त झालेले नाकेदार. त्यांच्या मते माणसाचे सगळे रोग चपलेपासून सुरू झाले. सर्दी, गुडघे, सुनेशी भांडण, सगळ्यावर औषध एकच: रानमातीवर अनवाणी चाला, मोहाच्या झाडाखाली तासभर बसा. शेतातली माती चालत नसे. ती "कामावरची", रानातली "सुट्टीवरची". पवनारकडून आलेल्या एका निसर्गोपचारवाल्यानं पोटावर मातीची पट्टी ठेवायला सांगितली, तेव्हा नत्थूजींनी त्यालाच सुनावलं, "मातीले घरी काऊन बोलावता? आपण जावं तिच्याकडे."

माझ्या हाताला इसब होता, म्हणून महिनाभर गेलो. इसब जागचा हलला नाही, तळपायात काटे मात्र भरले. झोप छान लागू लागली. रोज तीन मैल चालून कुणालाही लागली असती, पण श्रेय मातीनं घेतलं.

रोज मोह तोच. त्याच्या बुंध्याशी हातभर जागा होती, तिथे पाय ठेवायचा नाही. एक दिवस मी वैतागलो. रानमातीच हवी तर ती शाळेमागेही आहे, इतक्या लांब यायचं कशाला, उद्यापासून मी येणार नाही, असं सांगून टाकलं.

नत्थूजी वाद घालतील असं वाटलं होतं. ते त्या हातभर जागेशी बसले.

"इथं माही गंगू हाय. पाच वर्साची होती. देवी निघाल्या होत्या तिले. भेवानं तिच्या मातीले कोणीच आलं नाई, मास्तर. मी एकटाच होतो." मग म्हणाले, "तिले माणसं लय आवडत."

मला माझी लाज वाटली.

पुढे वर्ध्याच्या मलमानं इसब आठ दिवसांत गेला. नत्थूजींना मी ते कधी सांगितलं नाही. सकाळी चपला दारात काढायच्या आणि मातीला जायचं.