फुगलेली कढई

आमच्या वरच्या मजल्यावरची मेघना जिन्यात उभी राहून फोनवर बोलते. तिच्या घरात रेंज नाही. पहिल्यांदा माझ्या कानावर पडलं ते असं : "पोट अजून फुगतंय. फुटेल की नाही, कोण सांगणार?" मला वाटलं, गावाकडे हिची सासू आजारी. आतून ओव्याची पुडी आणून हातात ठेवली. म्हटलं, गरम पाण्याबरोबर द्यायला सांग, वारा सरतो.

ती पायरीवर बसून हसली. लग्नच नाही, सासू कुठली? ओवा मात्र तिथंच तोंडात टाकला.

पोट होतं जमिनीचं. इटलीत समुद्राकाठी एक जुना ज्वालामुखी आहे, खचून कढईसारखा झालेला. अर्धी कढई पाण्यात, उरलेल्या अर्ध्या भागात माणसांची घरं. तिथली जमीन कधी फुगते, कधी बसते. हल्ली फुगतेय. बंदर इतकं वर आलंय की होड्या चिखलात टेकल्यात. मेघना इथं जर्मनीत, हायडेलबर्गात बसून उपग्रहावरून ते मोजते. मी चौथी शिकलेला. म्हटलं, "पुरी फुगली की काढून घ्यावी, तिच्यावर घर बांधू नये."

"गेनाऊ, अण्णा," म्हणाली. गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. समोरच्याचं चुकलं तरी ती तेच म्हणते.

संध्याकाळी आमच्याकडे येते. तव्यावर भाकरी फुगायला लागली की मला बाजूला सारते. कुठून फुगते ते बघायचं असतं. करपलेली भाकरी मग मी खायची.

माझी बायको गेल्या हिवाळ्यात गेली. मुलीनं इथं आणलं. आलो, पण घराबाहेर पाय टाकला नाही. कुणासाठी टाकायचा? मेघना येते, भाकरी बिघडवते. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

रोज सकाळी ती जिन्यातून इटलीतल्या एका म्हातारीला फोन करते, मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये, ओरडून. खालची जर्मन बाई दार आपटते. परवा म्हातारीनं फोन उचललाच नाही. रात्री तिथं भूकंपाचा मोठा धक्का बसला होता. मेघना आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली, फोन समोर ठेवून. मी म्हटलं, एवढा उपग्रह आहे की, त्यात बघ.

"उपग्रहाला आजी दिसत नाही, अण्णा."

मग सांगितलं. कामासाठी गेली होती तेव्हा त्या आजीकडे भाड्यानं राहिली. आजीचा नवरा वारला तशी तिनं दाराला आतून कडीच घातली. मेघनानं थाप मारली : बंदराच्या किती पायऱ्या कोरड्या आहेत ते रोज बघून सांगा, माझं काम अडलंय. तेव्हापासून म्हातारी रोज बंदरावर जाते.

दुपारी फोन वाजला. म्हातारी खडखडीत. कपाटातल्या बश्या फुटल्या म्हणून आधी नव्या आणायला गेली, मग पायऱ्या बघायला, आणि फोन घरीच. वर हिलाच झापलं. मेघना हसत होती आणि नाक पुसत होती.

फोन ठेवून माझ्याकडे वळली. "अण्णा, पुलाखाली नदीचं पाणी कुठपर्यंत आलंय, जरा बघून याल?"

"खोटारडे, तुझ्या बाल्कनीतून सगळी नदी दिसते."

"आज धुकं आहे."

बाहेर लख्ख ऊन होतं. मी बूट शोधायला लागलो.