प्रेशरमामांचा स्टँडबाय

ऐक ना, आधी नुसतं ऐक, मध्ये बोलू नको. प्रेशरमामा म्हणजे पाणीपुरवठ्याच्या पंपघरातले ऑपरेटर. कुठलाही विषय काढ, मामा तो प्रेशरवर आणून सोडणार. लेकीला मार्क कमी पडले, तर "प्रेशर कमी पडलं." दूध उतू गेलं, तर "प्रेशर जास्त झालं." म्हणून अख्खी कॉलनी त्यांना प्रेशरमामाच म्हणते, आणि त्यांना ते पदवीसारखं वाटतं!

तर झालं काय, कॉलनीतल्या बायकांचं समूहगान मोठ्या हॉलमध्ये ठरलं, आणि त्यात मामींना दोन कडवी एकटीने गायला मिळाली. मामी घरी शिवणकाम करतात, आणि आयुष्यभर गायल्या त्या मशीनच्या खडखडाटात. त्यामुळे त्यांचा आवाज धड कुणी ऐकलेला नाही, त्यांनी स्वतःसुद्धा नाही.

"मी कशी गाते हो?" एकदा त्यांनी विचारलं. "म्हणजे बाहेरून कशी ऐकू येते?"

मामा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "बरी."

पण रात्रभर मामांना ते लागून राहिलं. सकाळी उठले आणि जाहीर केलं, "व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा! हिला हिचं गाणं ऐकवायचं." तेव्हा फोन फक्त बोलण्यापुरते होते, हे लक्षात घे.

लेक, म्हणजे ताई, म्हणाली, "बाबा, भाड्याने आणू."

"भाड्याने? माझी बायको गाणार आणि मी भाड्याच्या डोळ्याने बघू?"

गेले तिघे दुकानात. ताईला हवा होता हलका. मामींचं एकच म्हणणं, "नाक मोठं दिसायला नको." आणि मामांचा खिसा म्हणत होता, जो सगळ्यात स्वस्त तो. काउंटरवरच्या मुलीने एकेक मांडला. ह्याचं झूम भारी, त्याचा स्क्रीन मोठा, आणि किंमत ऐकली की मामा तो कॅमेरा असा हळूच खाली ठेवायचे, जणू झोपलेलं बाळ. शेवटी कोपऱ्यात शोकेसमधला एक दिसला. छोट्या कॅसेटवाला, जरा घासलेला, म्हणून किमतीत उतरलेला. मुलीने तो चालू केला आणि स्क्रीनवर इंग्रजीत चार अक्षरं उमटली, एस टी बी वाय.

मामा थिजलेच. "हे काय? स्टँडबाय?"

"हो काका, म्हणजे अजून—"

"मला सांगताय स्टँडबाय म्हणजे काय!" मामांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! पंपघरात दोन पंप असतात. एक चालतो, दुसरा स्टँडबाय. पहिला दमला की दुसरा आपोआप सुरू. माणसाने हातही लावायचा नाही. "बघितलंस ताई? एवढ्याशा कॅमेऱ्यात स्टँडबाय! गाणं सुरू झालं की हा आपला आपण सुरू होणार. हाच द्या!"

"काका, पण हे लाल बटण आहे ना, ते—"

"बंद करायचं. लाल म्हणजे बंद करायचं. उभं आयुष्य लाल बटणांत गेलंय आमचं."

त्या बिचारीने बिल फाडलं. घरी ताई म्हणाली, "एकदा शूटिंग करून बघू या तरी." तर म्हणे कॅसेट वाया जाईल! कॅमेऱ्याला कुणाला हात म्हणून लावू दिला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मामा पहिल्या रांगेत. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टा, डोळ्याला कॅमेरा. मामी पुढे आल्या, गायल्या. अरे, काय गायल्या! हॉल चिडीचूप. मामांचा हात तसूभर हलला नाही, आणि स्क्रीनवर अक्षरं तीच, स्टँडबाय. मामा मनात म्हणताहेत, वा, काय इमानदार मशीन! टाळ्या संपल्यावर त्यांनी ऐटीत लाल बटण दाबलं, "झालं बंद," आणि कॅमेरा गळ्यात लोंबकळत सोडून बाहेर पॅसेजमध्ये गेले.

कळलं ना तुला? चालू झाला तो तेव्हा!

घरी येऊन बघतात तर कॅसेट चांगली पुढे सरकलेली. मग काय, मामांची छाती ही एवढी फुगली. आधी कुणी बघायचं नाही, रविवारी घरी सगळ्यांना आमंत्रण! मामींची बहीण, शेजारपाजार, आणि सोफ्यावर मधोमध पंपघरातले साहेब, सोबत त्यांच्या मिसेस. साहेबांना खास बोलावलेलं, कारण हेडऑपरेटरची जागा रिकामी होती आणि ती कुणाला द्यायची हे साहेब ठरवणार होते. ताईने वायर टीव्हीला जोडली. मामी कडेच्या स्टुलावर, हात पदराखाली घट्ट धरून.

टीव्हीवर काय आलं? फरशी. मग मामांचे बूट. मग पुन्हा फरशी, डुलत डुलत.

"सुरुवात जरा कलात्मक आहे," मामा म्हणाले.

तेवढ्यात टीव्हीतून मामांचाच आवाज आला, खणखणीत! "ऐकलंत ना? मधली ती आमची! आणि शेजारची उंच? ती मेहुणी. तिला मीच म्हटलं होतं, तू नुसतं तोंड हलव, सूर हिच्यावर सोड."

"भाऊजी!" मेहुणी ताडकन उभी राहिली.

"अगं, तो... दुसरा कोणीतरी..."

"आवाज तुमचा, बूट तुमचे, आणि मेहुणी कुणाची?"

मामींनी हळूच विचारलं, "अहो, माझं गाणं कुठंय?"

मामांना घाम फुटला. "ते... ते बहुतेक स्टँडबायवरच राहिलं."

मामी नुसत्या टीव्हीतल्या फरशीकडे बघत राहिल्या. आणि तेवढ्यात फरशीवर पांढऱ्या चपला आल्या. पंपघरातल्या मिस्त्रीच्या. त्या दिसल्या आणि मामांच्या तोंडचं पाणी पळालं, कारण आता त्यांना सगळं आठवलं! मिस्त्रीने आधी साहेबांचा विषय काढला होता. आणि मग... मग मामींचा.

मामा सरकत सरकत टीव्हीमागे गेले. वायर मुठीत आली. एक हिसका, की पडदा काळा, साहेब खूश, जागा शाबूत. वर "लाइट गेली" म्हणायचीही सोय. पण ताणताना त्यांची नजर मामींवर गेली. मामी स्टुलावरून पुढे झुकल्या होत्या. गाणं तर गेलंच, पण नवऱ्याच्या आवाजात तरी काही सापडतंय का, असं कान देऊन बसल्या होत्या.

मामांनी वायर सोडली.

टीव्हीत मिस्त्री म्हणाला, "साहेब नाही आले?"

"बरं झालं नाही आले! टाळ्या कधी वाजवायच्या तेही मला विचारलं असतं. पंपघरात येतात तेव्हा पंप कुठला आणि पंखा कुठला हे मी दाखवतो त्यांना."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मामा भिंतीला टेकून उभे, कढईतून काढल्यासारखे लाल.

आणि मग टीव्हीतला आवाज एकदम खाली आला. "तुला म्हणून सांगतो मिस्त्री. ती मशीनवर बसून गुणगुणते ना, तेव्हा मी पलीकडे पेपर धरून बसतो. पान उलटत नाही. पानाचा आवाज होतो ना."

"वहिनींना सांगितलंय का हे?"

"छे! आज ती गात होती ना, तर मनात म्हटलं, गावभरचे पंप बंद पडू देत, आपण उठणार नाही."

मग फरशी, बूट, आणि मामांचं नाक शिंकरणं. तेही रेकॉर्ड झालं होतं!

साहेबांच्या मिसेस म्हणाल्या, "जरा मागे घ्या हो."

मामा गयावया करायला लागले, "बाईसाहेब, पंख्याचं मी आपलं गमतीत..."

"अहो, पंख्याचं राहू द्या, ते मला लग्नापासून माहीत आहे. त्याच्या पुढचं लावा. ह्यांना ऐकू दे नीट." आणि साहेबांच्या कोपराला असा धक्का दिला, की साहेब सावरून बसले, शाळेत बसल्यासारखे.

चार वेळा लावलं ते. मेहुणी प्रत्येक वेळी रागाने आत जाऊन पाणी पिऊन यायची. मामी एकदाही रडल्या नाहीत हं. उलट मान अशी ताठ, जणू स्टेजवरच आहेत. सगळे गेल्यावर मामा कॅसेटवरचं पुसून टाकायला म्हणून कॅमेऱ्याजवळ गेले, तर मामी एवढंच म्हणाल्या, "हात लावून तर बघा."

हेडऑपरेटर? मिस्त्री झाला. त्याचे टेपवर फक्त प्रश्नच होते ना!

आणि मामा? त्यांना काही फरक नाही. अजून कुणी घरी आलं की मामी ती कॅसेट लावतात, आणि मामा लाजत लाजत पण छाती काढून सांगतात, "शूटिंग मीच केलंय."

आता तू सांग, खरं खरं सांग. वायर तुझ्या मुठीत असती, तर तू काय केलं असतंस?