दहापैकी शून्य

चहाच्या खोलीतला फ्रिज उघडताच कारकून किंचाळला. दुधाच्या पिशवीला टेकून सहा उंदरांचे मेंदू, प्रत्येकी एका कुपीत, क्रमांक घालून नीट ठेवलेले होते. त्याच सुमारास प्रयोगशाळेतल्या उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमधून संशोधक विद्यार्थिनीने जेवणाचा एक डबा बाहेर काढला. तो टेबलावर ठेवताना वीट ठेवल्यासारखा आवाज झाला.

दोन्ही ठेवी सरांच्या होत्या. सर गेली सव्वीस वर्षे अल्झायमरवर, म्हणजे मेंदूच्या पेशी झिजून माणूस विसरत कसा जातो यावर, संशोधन करत होते.

"सर, होतं असं गडबडीत," विद्यार्थिनी म्हणाली.

"वय बासष्ट," सर म्हणाले, जणू दुसऱ्याच कुणाचा अहवाल वाचत होते. "उद्या पाच वर्षांच्या नव्या प्रकल्पाचे कागद द्यायचेत. मलाच तो रोग जडला असेल तर माझी सही म्हणजे शुद्ध फसवणूक. माझी चाचणी घे. आत्ता."

विद्यार्थिनीने स्मरणचाचणीचा कागद काढला. "मी बारा शब्द वाचते. ते लक्षात ठेवून..."

"कंदील, घोडा, पूल, साबण," असे करत सरांनी बाराही शब्द म्हणून टाकले.

"अहो सर, अजून मी वाचलेच नाहीत!"

चाचणी सरांनीच तयार केलेली होती. पर्यायी चाचणी काढली, तीही त्यांचीच. शेवटी दुसऱ्या संस्थेत फोन लावला. तिथले डॉक्टर आदराने म्हणाले, "सर, आम्ही तर तुमचीच वापरतो." सरांची परीक्षा घेऊ शकेल असा एकही कागद शिल्लक राहिला नाही.

संध्याकाळी सर घरी आले आणि बूटही न काढता खुर्चीत बसले. त्यांची पत्नी तीस वर्षे शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली होती. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"एवढंच ना? मी घेते परीक्षा. सांगा, साखर कुठल्या कप्प्यात असते?"

"वरच्या?"

"चूक. धाकटीचा वाढदिवस?"

"थंडीत असतो. बहुतेक."

"चूक. स्वयंपाकघरातल्या पडद्यांचा रंग?"

"निळा!" सर पहिल्यांदाच ठामपणे बोलले.

"पडदे नाहीत. कधीच नव्हते."

असे दहा प्रश्न झाले. दहापैकी शून्य. सर म्हणाले, "संपलं गं सगळं. उद्या कळवून टाकतो त्यांना."

"अहो, कसलं संपलंय! तुम्ही पस्तिशीत असताना विचारलं असतं तरी शून्यच मिळालं असतं. धाकटीला आणायला म्हणून गेलात आणि भलत्याच शाळेच्या फाटकाशी तासभर उभे राहिलात, आठवतंय का?"

"आठवतंय," सर ओशाळून म्हणाले. "तिथल्या मुख्याध्यापिकांनी मला आत बसवून चहा दिला होता. कपाला कान नव्हता."

"बघा! कान नसलेला कप बरोबर लक्षात आहे."

सर सावरून बसले. झीज मोजायची तर माणसाची आधीची पातळी माहीत असावी लागते, हे ते विद्यार्थ्यांना दरवर्षी बजावत. "म्हणजे तेव्हाही शून्य, आत्ताही शून्य. घसरण नाही!"

"तसूभरही नाही. घसरायला जागा कुठे होती?"

सरांनी पिशवीतून प्रकल्पाचा मसुदा काढला. रुग्णाच्या घरच्यांचे म्हणणे नोंदवण्याचा रकाना त्यांनी 'अशास्त्रीय' असा शेरा मारून खोडला होता. तो त्यांनी पुन्हा लिहिला, चांगल्या ठळक अक्षरात, आणि खाली सही केली.

"आज तारीख काय गं?"

"आज ना, आज..." पत्नी बोटे मोजू लागली. "थांबा हं, सांगते," म्हणत ती जरा घाईनेच आत गेली. बराच वेळ खडखडाट झाला. मग आतून आवाज आला,

"अहो, आपलं कॅलेंडर कुठे ठेवलंय?"

"मला नको विचारूस," सर प्रसन्नपणे म्हणाले. "माझी प्रकृती उत्तम आहे."